एका नोंदीची उसवण : इंग्रजी ‘रिप’ मराठी कोशात कसा बसवावा

प्रकरणासाठी घेतलेली नोंद एका ओळीची आहे. इंग्रजी-मराठी कोशाच्या कच्च्या मसुद्यात ती अशी होती :

रिप : फाडणे, चिरणे, टरकावणे, ओरबाडणे, उसवणे, लुबाडणे, चीर, भेग, खवळलेले पाणी, मरतुकडा घोडा, शांती लाभो, रीप, लाकडी पट्टी.

यातला जवळपास प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या वाक्यात खरा ठरतो, आणि तरीही ओळ निकामी आहे. कोश उघडणारा माणूस घाईत असतो. तो पहिला शब्द उचलतो. इथे पहिला शब्द ‘फाडणे’ आहे. म्हणून शिंप्याने बाहीची टीप उसवली की भाषांतरात बाही फाटते, सुताराने फळी उभी चिरली की फळी फाटते, आणि समुद्रात वाहून गेलेल्या माणसाच्या बातमीत ‘फाडणारा प्रवाह’ येतो. यात भाषांतरकाराला दोष देता येत नाही. निवड करायला लागणारी माहितीच नोंदीने त्याला दिलेली नाही.

अशी नोंद दुरुस्त करताना व्युत्पत्तीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तो टाळावा. आधी वापर गोळा करावेत आणि प्रत्येक वापर पूर्ण वाक्यात लिहावा, कारण सुट्या शब्दाला कुठलाही प्रतिशब्द चिकटवता येतो, वाक्याला येत नाही. या नोंदीसाठी धरलेली वाक्ये अशी :

१. बाही पुन्हा लावण्यासाठी शिंपी आधीची टीप ‘रिप’ करतो.
२. खिळ्याला अडकून शर्ट ‘रिप’ झाला.
३. त्याने घाईने पाकीट ‘रिप’ करून उघडले.
४. सुतार सागवानी फळी ‘रिप’ करतो.
५. वादळाने छपराचे पत्रे ‘रिप’ करून नेले.
६. आग गोदामभर ‘रिप’ करत गेली.
७. उडी मारणाऱ्याने ‘रिपकॉर्ड’ ओढली.
८. पोहणारा ‘रिप’मध्ये सापडला.
९. टॅक्सीवाल्याने पर्यटकाला ‘रिप ऑफ’ केले.
१०. समीक्षकाने नाटकाला ‘रिप’ केले.
११. फिरकी गोलंदाजाने चेंडूला चांगला ‘रिप’ दिला.
१२. सीडी ‘रिप’ करून गाणी संगणकावर घेतली.
१३. छापखान्यात फाईल ‘रिप’ला अडकली.
१४. समाज माध्यमांवर निधनाच्या बातमीखाली : ‘आर.आय.पी.’

‘फाडणे’ हा शब्द या चौदा जागी ठेवून पाहिला की दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात तो विनातक्रार बसतो. बाकी सगळीकडे अर्थ तरी चुकतो, नाहीतर वाक्य मराठी राहत नाही. म्हणजे जो अर्थ नोंदीच्या तोंडाशी आहे, तो वापरातल्या एका छोट्या तुकड्यापुरताच आहे.

आधी परके बाहेर

एकाच रूपाचे पण वेगळ्या कुळाचे शब्द वेगळ्या शीर्षाखाली गेले पाहिजेत. मराठीत याचे उत्तम उदाहरण हाताशी आहे. ‘चिरशांती’ आणि ‘चिरंजीव’ यांतला ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ. भिंतीला पडते ती ‘चीर’ म्हणजे भेग. ‘चीरहरणा’तले ‘चीर’ म्हणजे वस्त्र. या तिघांना एका नोंदीत कोंबणारा मराठी कोश कोणी विकत घेणार नाही. ‘रिप’च्या कच्च्या ओळीत मात्र नेमके तेच झाले आहे.

सर्वांत सोपा परका म्हणजे ‘आर.आय.पी.’. ही लॅटिन ‘रेक्विएस्कात इन पाचे’ या प्रार्थनावाक्याची आद्याक्षरे आहेत : ‘तो किंवा ती शांतपणे विसावो’. अनेकांसाठी म्हणायचे तर क्रियापद ‘रेक्विएस्कांत’ होते, आद्याक्षरे तीच राहतात. इंग्रजी ‘रेस्ट इन पीस’चीही आद्याक्षरे योगायोगाने तीच येतात, म्हणून लोकांना ते मुळात इंग्रजीच वाटते. फाडण्याशी याचा काडीचाही संबंध नाही. इंग्रजीत मोठी अक्षरे पाहून वाचक सावध होतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसल्यामुळे ‘रिप’ असे लिहिले की भेद पुसला जातो, म्हणून मराठीत टिंबे देऊन ‘आर.आय.पी.’ असेच लिहावे. प्रतिशब्दही विचारपूर्वक द्यावा लागतो. ख्रिस्ती थडग्यावरच्या मजकुरासाठी ‘चिरशांती लाभो’ योग्य आहे. हिंदू घरातल्या निधनाच्या बातमीखाली मराठी माणूस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ किंवा ‘आत्म्यास सद्गती लाभो’ लिहितो. दोन्ही नोंदवावेत आणि कुठे कोणते, तेही सांगावे.

तेराव्या वाक्यातला ‘रिप’ हाही आद्याक्षरांचाच आहे : ‘रास्टर इमेज प्रोसेसर’. पानाची फाईल, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा, चित्रे आणि रंग, यांचे छपाईच्या प्लेटवर उमटवता येतील अशा बारीक ठिपक्यांत रूपांतर करणारी ही यंत्रणा. मराठी छापखान्यांत ‘फाईल रिपला टाकली’ हे रोजचे बोलणे आहे. फाईलमध्ये फॉन्ट अंतर्भूत केलेला नसेल तर याच टप्प्यावर दुसरा फॉन्ट घुसतो, जोडाक्षरे सुटतात, वेलांट्या भलत्या जागी जातात. संगणकजाळ्यांतला ‘रिप’ म्हणजे ‘राउटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल’. म्हणजे माहिती कोणत्या वाटेने पाठवायची ते ठरवणारा नियमसंच. दोन्ही आद्याक्षरांच्या विभागात जातील.

‘मरतुकडा घोडा’ हा अर्थ खरा आहे, पण जुना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी बोलीत टाकाऊ घोड्याला आणि बदफैली माणसाला ‘रिप’ म्हणू लागले. ‘रेप्रोबेट’ म्हणजे दुराचारी, या शब्दाच्या ‘रेप’ या संक्षेपाचे ते बिघडलेले रूप असावे, असे मानतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्याला ‘ओल्ड रिप’ भेटतो, तेव्हा त्याला ‘जुनी चीर’ हे उत्तर मिळू नये. म्हणून वेगळे शीर्ष, ‘जुना’ अशी खूण आणि प्रतिशब्द ‘छंदीफंदी माणूस’, एवढे पुरे.

सर्वांत फसवा परका मात्र मराठीच आहे : ‘रीप’. कौलारू घराच्या वाशांवर, कौले टेकवण्यासाठी, कौलाच्या मापाने साधारण फूटभर अंतरावर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा. जाडी-रुंदी बहुधा एक इंच बाय दोन इंच. आता ही पट्टी तयार होते ती फळी उभी चिरूनच, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘रिप’ करणे म्हणतात त्याच क्रियेने. ध्वनी जुळला, क्रियाही जुळली, आणि मसुदा करणाऱ्याने पट्टी थेट इंग्रजी नोंदीत घातली. इंग्रजी ‘रिप’चा अर्थ लाकडी पट्टी असा नाही. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘रिपा’ म्हणजे नेमकी हीच छपराची पट्टी. गोवा-कोकणात बांधकामाच्या आणि घरवापराच्या वस्तूंबरोबर पोर्तुगीज शब्द आले, तसे चावी, बिजागरी आणि पिंप आले. त्याच वाटेने ‘रीप’ आली असे मानणे सर्वांत सयुक्तिक आहे. अर्थ आणि रूप दोन्ही पूर्ण जुळत असताना दूरच्या इंग्रजी क्रियापदाकडे जाण्याचे कारण नाही. ही पट्टी नोंदीतून काढली.

याच निमित्ताने लेखनही ठरवावे लागते. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी दीर्घ येते, म्हणून छपराची ‘रीप’ दीर्घ. इंग्रजीतून घेतलेला ऱ्हस्व उच्चाराचा शब्द ‘क्लिप’प्रमाणे ‘रिप’ लिहावा. दोघांतला भेद लेखनातच राखला तर पुढचा गोंधळ टळतो. ‘कापणी करणे’ या अर्थाचा इंग्रजी ‘रीप’ आणि ‘पिकलेला’ या अर्थाचा ‘राइप’ हे आपसांत नातेवाईक आहेत. फाडण्याचा ‘रिप’ त्यांच्या घरातला नाही.

शिवणीपासून सुरुवात

उरलेल्या अर्थांचा गड्डा सोडवताना आता व्युत्पत्ती कामाला येते. ‘रिप’ हे क्रियापद इंग्रजी लिखाणात पंधराव्या शतकाच्या आसपास दिसू लागते, आणि तेव्हाचा अर्थ आहे शिवणीचे टाके काढणे, उसवणे. फ्लेमिश ‘रिपन’ म्हणजे ओरबाडून काढणे आणि फ्रिजियन ‘रिप्प’ म्हणजे फाडणे, हे उत्तर समुद्राच्या काठावरचे शब्द त्याचे जवळचे सोबती. स्वीडिश-डॅनिशमध्येही तशी रूपे आहेत. त्यांतल्या नेमक्या कोणाकडून इंग्रजीने शब्द घेतला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

काही अभ्यासक याच्याही मागे जातात आणि हिसकावणे या अर्थाच्या एका आदिम धातूशी ‘रिप’ जोडतात. तो धातू लॅटिनमध्ये ‘रुम्पेरे’ (तोडणे), इंग्रजीत ‘रॉब’ (लुटणे) आणि संस्कृतात ‘लुप्’ म्हणून दिसतो. आपला ‘लोप’, ‘लुप्त’ त्यातलेच. ‘रिप’पुरता हा दुवा पक्का नाही, त्यामुळे विद्यार्थिकोशात तो छापू नये. उलट ‘टेअर’ या दुसऱ्या इंग्रजी फाडण्याचे संस्कृत ‘दृ’ धातूशी नाते सर्वमान्य आहे. ‘विदीर्ण’ आणि ‘विदारक’ हे त्याच कुळातले. तिथे एक ओळ जरूर द्यावी.

नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पहिल्या अर्थाचे स्थान. इंग्रजीत जुना भेद असा आहे : शिवलेल्या रेषेवरून कपडा सुटा होतो तो ‘रिप’, आणि कापडाचे विणलेले अंग तुटते ते ‘टेअर’. मराठीत हाच भेद इतका स्वच्छ आहे की त्याची व्याख्या करावी लागत नाही. ‘शर्ट उसवला’ आणि ‘शर्ट फाटला’ यांतला फरक शाळकरी मुलालाही कळतो. उसवलेला शर्ट टीप मारली की नवा. फाटलेल्याला ठिगळ किंवा रफू. कच्च्या नोंदीत ‘उसवणे’ पाचव्या जागी होते. ते पहिल्या जागी आणले की बाकीचे अर्थ आपोआप रांगेत येतात, कारण ‘रिप’चा गाभा जोर हा नाही, आधीच असलेल्या रेषेवरून सुटे होणे हा आहे. ती रेषा कधी शिवणीची, कधी लाकडाच्या रेषांची, कधी दोन भागांच्या जोडाची. जोराचा आणि वेगाचा अर्थ नंतर चढला.

शिंपीकामात हा अर्थ आजही जिवंत आहे. शिवण उसवायच्या छोट्या हत्याराला इंग्रजीत ‘सीम रिपर’ म्हणतात. त्याला दोन टोके असतात : एक लांब आणि अणकुचीदार, दुसरे आखूड आणि बहुधा गोळी लावून बोथट केलेले. दोहोंच्या बेचक्यात धार असते. लांब टोक टाक्याखाली घालून दर तीन-चार टाक्यांनंतर एक टाका कापायचा, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला की सबंध टीप निघते. बेचकी शिवणीतून सरळ रेटत नेली की धार टाका सोडून कापडात शिरू शकते, आणि मग उसवण्याची जागा फाडणे घेते. ही क्रिया कोशात ‘टाके काढणे’ अशीही द्यावी, मात्र जखमेचे टाके वेगळे आहेत याची खूण करून.

सोळाव्या शतकापासून सुतारकामातला अर्थ दिसतो : लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने, लांबीत कापणे. यासाठी मराठीत ‘उभे चिरणे’ हाच शब्दप्रयोग धरावा. नुसते ‘चिरणे’ पुरत नाही, कारण विळीवर भाजीही चिरतात आणि तिथे दिशेचा प्रश्न नसतो. दिशा महत्त्वाची का, ते करवतीच्या दात्यांकडे पाहिले की कळते. उभ्या चिराईच्या करवतीचे दाते सरळ घासलेले, पटाशीच्या तोंडासारखे सपाट असतात. ते लाकडाच्या तंतूंच्या कडा तासत पुढे जातात. हातकरवतीत ते इंचाला साधारण पाच असतात. आडव्या कापाच्या करवतीचे दाते तिरपे घासलेले, सुरीच्या टोकासारखे, आणि इंचाला आठ-दहा. ते तंतू आडवे छेदतात. उभ्याची करवत आडवी चालवली की तंतू कापले न जाता उचकटतात आणि कड खडबडीत होते. आडव्याची उभी चालवली की दात्यांत भुसा दाटतो, करवत तापते आणि पुढे सरकत नाही. भाषांतरात ‘रिप सॉ’ला नुसते ‘करवत’ म्हटले तर शिकणाऱ्याच्या हातात चुकीचे अवजार जाते.

रेषेवरून सुटे करण्याचा तिसरा प्रकार मराठीत रोज घडतो, फक्त तिथे आपण ‘फाडणे’ म्हणतो : पावती फाडणे. पावतीपुस्तकात स्थळप्रत आणि पावती यांच्यामध्ये भोकांची ओळ असते, आणि पावती तिच्यावरून सुटी होते. म्हणजे ‘फाडणे’ आणि ‘उसवणे’ यांची वाटणी इंग्रजी जोडीशी काटेकोर जुळते असे नाही. ‘पावती उसवली’ कोणी म्हणत नाही. नियम मांडून थांबायचे नाही, प्रत्येक वस्तूला मराठीत कोणते क्रियापद लागते ते तपासायचे, हे यातून घ्यावे.

आता ‘रिपकॉर्ड’. मसुद्यात हिला ‘फाडदोरी’ सुचवले होते. ‘रिपकॉर्ड’ हा शब्द मुळात हवाई छत्रीचा (पॅराशूटचा) नाही, बलूनचा आहे. एकोणिसाव्या शतकात बलूनच्या माथ्यावर एक पट्टा असा बसवू लागले, की उतरताना दोरी ओढली म्हणजे तो उसवून निघावा, वायू झपकन बाहेर पडावा आणि वाऱ्याने बलून जमिनीवरून फरपटू नये. तिथे दोरी खरोखर उसवते. पुढे हेच नाव छत्रीच्या दोरीला गेले. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन येथे, मॅककुक फील्डवर, लेस्ली अर्विन यांनी विमानातून उडी मारून स्वतः दोरी ओढून छत्री उघडून दाखवली. छत्रीत ही दोरी काहीच फाडत नाही. पिशवी बंद ठेवणारी पिन ती ओढून काढते. म्हणून प्रतिशब्द क्रियेवरून नव्हे, कामावरून द्यावा : ‘छत्री उघडायची दोरी’. नाव जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात जाते तेव्हा शब्दशः प्रतिशब्द हमखास फसतो.

पाण्यातला ‘रिप’

या अर्थाला वेगळे शीर्ष दिले आहे. तो फाडण्याच्या ‘रिप’मधून निघाला की ‘रिपल’ म्हणजे लहर या शब्दाशी जोडलेला आहे, हे ठरलेले नाही. इंग्रजीत १७७५ च्या सुमारास खवळलेल्या, उसळत्या पाण्याच्या पट्ट्याला ‘रिप’ म्हटलेले मिळते. दोन प्रवाह समोरासमोर येतात तिथे असे पाणी होते. खलाशी त्याला ‘टाइड रिप’ म्हणतात. पुढे ‘रिप टाइड’ हा शब्द किनाऱ्याजवळच्या अगदी वेगळ्या गोष्टीला लागला. ती गोष्ट भरती-ओहोटी नाही, म्हणून १९३६ साली अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी तिला ‘रिप करंट’ म्हणावे असे सुचवले. आज शास्त्रात तेच नाव चालते.

लाटा वाळूच्या बुडालेल्या दांड्यावर फुटतात आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये पाणी साठते. ते परत जायला वाट शोधते आणि दांड्यातल्या खिंडीतून चिंचोळ्या प्रवाहाने समुद्राकडे धावते. वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर असतो, पण सेकंदाला सुमारे अडीच मीटरपर्यंतही मोजला गेला आहे. इतक्या वेगाविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. फुटत्या लाटांच्या पलीकडे गेल्यावर हा प्रवाह विरतो. तो माणसाला बुडाशी ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस बुडतो तो बहुधा उलट पोहून दमल्यामुळे. सुटायचे तर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर यावे, मग तिरपे किनाऱ्याकडे. किनाऱ्यावरून पाहताना खूण अशी : दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसतो, किंवा फेस आणि गढूळ पाणी समुद्राकडे सरकताना दिसते. तो शांत पट्टाच पोहायला सोयीचा वाटतो, हा त्यातला धोका.

इथे प्रतिशब्द चुकला तर माणसाचा जीव जाऊ शकतो. ‘फाडणारा प्रवाह’ यातून काहीच कळत नाही. ‘अंतर्प्रवाह’ किंवा ‘खाली ओढणारा प्रवाह’ म्हटले की वाचकाला वाटते आपण तळाशी जाणार, आणि तो घाबरून नको तेच करतो. ‘भरतीचा प्रवाह’ म्हटले की ओहोटीला पोहणे सुरक्षित असा समज होतो, आणि तोही खोटा. किनाऱ्यावरची माणसे ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात. हा शब्द अचूक आहे, कारण ओढीत दिशा आहे आणि ती तळाकडे नाही, समुद्राकडे आहे. नोंदीत म्हणून ‘रिप करंट’ हे देवनागरी रूप ठेवून त्यापुढे ‘किनाऱ्यावरून समुद्राकडे नेणारी पाण्याची ओढ’ असे वर्णन दिले. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या सूचनाफलकांसाठी ‘समुद्राकडे ओढ’ हे दोनच शब्द पुरतात.

जोडशब्दांचे खरे काम

या नोंदीत सर्वांत जास्त कष्ट इथे आहेत. इंग्रजी ‘रिप’ एकटा क्वचित येतो. त्याच्यामागे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’, ‘ओपन’, ‘अपार्ट’, ‘इनटू’, ‘थ्रू’ असे शब्द लागतात आणि अर्थ तेच ठरवतात. मराठीत तेवढाच अर्थ दोन जागी वाटला जातो : क्रिया कशी झाली ते पहिल्या धातुसाधितात, आणि शेवट काय झाला ते सहायक क्रियापदात. फाडून टाकणे, ओरबाडून काढणे, उसवून घेणे, उचकटून नेणे. ‘टाकणे’ म्हटले की वस्तू संपली. ‘काढणे’ म्हटले की ती जागेवरून सुटली. ‘घेणे’ म्हटले की ती करणाऱ्याकडे आली. म्हणून ‘रिप अप’ला नुसते ‘फाडणे’ देऊ नये, ‘फाडून टाकणे, चिंध्या करणे’ द्यावे. कराराच्या बाबतीत ‘धुडकावून लावणे’. ‘रिप आउट’ला ‘उपटून काढणे’, आणि शिवणीच्या बाबतीत ‘उसवून काढणे’. ‘रिप ओपन’ला ‘टरकावून उघडणे’.

पाचव्या वाक्यातल्या वादळाला ‘पत्रे उचकटून नेले’ हेच मराठी. सहाव्यात इंग्रजीत आग क्रियेची कर्ती होऊन गोदाम चिरत जाते. मराठीत आग फाडत नाही, ती ‘झपाट्याने पसरते’. ‘बघता बघता गोदामभर पसरली’. क्रियापदाच्या मागे लागून ‘आगीने गोदाम फाडले’ लिहिणे ही वृत्तांतांत दिसणारी चूक आहे.

समीक्षकाच्या वाक्याला मराठीने तयार शब्द ठेवला आहे : ‘चिरफाड करणे’. त्यात उभे चिरणे आणि फाडणे दोन्ही आहे, आणि तो मूळचा शस्त्रक्रियेचा शब्द असल्याने बारकाईची छटाही आहे. नुसता संताप असेल तर ‘फैलावर घेणे’ किंवा ‘बिनपाण्याने हजामत करणे’.

‘रिप ऑफ’ हा फसवणुकीचा अर्थ तरुण आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून १९६० च्या दशकात तो चोरी या अर्थाने वर आला आणि १९७० च्या आसपास नाम म्हणून लुबाडणुकीला लागला. अवाच्या सवा किंमत घेतली असेल तर मराठीत ‘कापणे’ : ‘टॅक्सीवाल्याने चांगलेच कापले’. फसवून पैसे काढले असतील तर ‘टोपी घालणे’, ‘लुबाडणे’. दुसऱ्याच्या कामाची हलकी नक्कल असेल तर ‘ढापलेली नक्कल’. हे तीन अर्थ तीन उपक्रमांकांत जातील, कारण पहिल्यात ग्राहकाला किंमत कळलेली असते, दुसऱ्यात नसते आणि तिसऱ्यात ग्राहकाचा प्रश्नच नाही.

क्रिकेटमधला ‘रिप’ समालोचनातून रोज कानावर पडतो आणि जुन्या कोशांत नसतो. बोटांनी चेंडूला दिलेला पीळ, ज्याने टप्पा पडल्यावर चेंडू झपकन वळतो. प्रतिशब्द ‘पीळ’, आणि तसा चेंडू म्हणजे ‘हातभर वळलेला चेंडू’. पिळाशी जुळणारा आणखी एक अर्थ म्हणजे ‘रिप्ड’ शरीर. त्याला ‘पीळदार’ हा शब्द आधीपासूनच आहे.

सीडीच्या बाबतीत काहीच फाटत नाही आणि मूळ चकती जशीच्या तशी राहते. चकतीवरचा ध्वनी सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने नोंदलेला असतो. ‘रिप’ करताना ते आकडे वाचून फाईलमध्ये लिहिले जातात. पूर्ण प्रतीची फाईल मिनिटाला साधारण दहा एमबी होते. ‘उतरवून घेणे’ हा मराठी शब्द इथे चपखल आहे, कारण उतरवून घेतल्यावर मूळ प्रत शाबूत राहते हे त्यातच आले.

व्याकरणाच्या दोन खुणा सुटता कामा नयेत. इंग्रजी ‘रिप’ सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे. मराठीत ‘फाडणे’ला ‘फाटणे’ ही वेगळी जोडी आहे, पण ‘उसवणे’ दोन्हीकडे तेच राहते : शिंपी शिवण उसवतो, शिवण उसवते. म्हणून ‘उसवणे’पुढे दोन्ही खुणा द्याव्यात. दुसरी गोष्ट, ‘टरकणे’ आणि ‘फाटणे’ यांना बोलीत घाबरण्याचा अर्थ आहे. कर्ता न देता ‘टरकली’, ‘फाटली’ लिहिले की वाचक भलतेच वाचतो. उदाहरणवाक्यात कापडाचा किंवा कागदाचा उल्लेख असलाच पाहिजे.

पक्की नोंद

रिप¹ (क्रि.) १. (शिवण, टाके) उसवणे [सक., अक.], टाके काढणे. २. (कापड, कागद) टरकावणे, फाडणे [सक.]; टरकणे, फाटणे [अक.]. ३. (लाकूड) रेषांच्या दिशेने उभे चिरणे. ४. (जोडलेली वस्तू) उचकटणे, ओरबाडून काढणे. ५. (आग, स्फोट, वारा) झपाट्याने पसरणे, मुसंडी मारणे. ६. (सीडी इ.) फाईलमध्ये उतरवून घेणे. — ऑफ : (१) कापणे; (२) टोपी घालणे, लुबाडणे; (३) ढापणे. — अप : फाडून टाकणे; (करार) धुडकावणे. — इनटू : फैलावर घेणे. — अपार्ट : चिरफाड करणे. लेट इट — : सुसाट सोडणे. (नाम) १. उसवण, फाटलेली जागा. २. (क्रिकेट) पीळ.

रिप² (नाम) उसळत्या पाण्याचा पट्टा. — करंट : किनाऱ्यावरून समुद्राकडे नेणारी पाण्याची ओढ.

रिप³ (नाम, जुना) छंदीफंदी माणूस, टाकाऊ घोडा.

आर.आय.पी. : (ख्रिस्ती) चिरशांती लाभो; (हिंदू) भावपूर्ण श्रद्धांजली, आत्म्यास सद्गती लाभो.

चौदा वाक्ये या नोंदीवर पुन्हा चालवली की पहिली सहा आणि नववे ते बारावे थेट सुटतात. आठव्याला ‘रिप²’ आणि चौदाव्याला आद्याक्षरांची नोंद लागते. सातव्यासाठी ‘रिपकॉर्ड’ आणि तेराव्यासाठी छपाईचा ‘रिप’ अशी दोन स्वतंत्र शीर्षे घालावी लागली. ‘रिप सॉ’ आणि ‘सीम रिपर’ हीदेखील स्वतंत्र केली, कारण अवजार शोधणारा माणूस क्रियापदाच्या पोटात शिरत नाही.

या बदलाचा धक्का शेजारच्या नोंदींना बसतो. ‘टेअर’मधून ‘उसवणे’ काढावे लागते, आणि अश्रूचा ‘टिअर’ वेगळ्या शीर्षाखाली आहे का ते पाहावे लागते. ‘स्प्लिट’मध्ये ‘उभे चिरणे’ असेल तर तिथे करवतीऐवजी पाचर किंवा कुऱ्हाड हवी : ‘फोडणे’. ‘स्लिट’ला धारदार हत्याराची सरळ चीर एवढेच ठेवावे. आणि कोशाच्या मराठी-इंग्रजी भागात ‘उसवणे’पुढे ‘टेअर’ छापले असेल, तर त्या जागी ‘रिप’ येईपर्यंत ही दुरुस्ती अर्धीच आहे.